शेवटच्या हप्त्याची तारीख

घरकर्जाचं काही विचारायचं असलं की आमच्या गल्लीतले लोक माझ्याकडे येतात. जास्तीचे पैसे हाताशी आले तर हप्ता कमी करून घ्यावा की मुदत? मुदत, मी चहा टाकता टाकता सांगते, हप्ता आहे तसाच राहू द्या. वीस वर्षांचं कर्ज मी अकरा वर्षांत फेडलं, म्हणून माझं ऐकतात. सगळं सांगते मी त्यांना. एका भरण्याबद्दल मात्र कधीच बोलले नाही — नवऱ्याजवळ नाही, लेकीजवळ नाही, आणि ज्यांच्यासाठी ते पैसे आले होते त्यांच्याजवळ तर नाहीच. मग तुम्हालाच का सांगतेय? माहीत नाही. पण आता गप्प बसवत नाही, एवढं खरं.

लातूरला घर घेतलं तेव्हा नवरा नांदेडला नोकरीला, शनिवारी यायचा. मी इथल्या शाळेत शिकवायची आणि घराचा सगळा कारभार माझ्याच हातात. पहिल्या वर्षाचा बँकेचा उतारा पाहिला आणि हबकलेच. वर्षभर हप्ते भरले तरी मुद्दल जागचं हललं नव्हतं म्हणा ना, सगळं व्याजात गेलेलं. पुढे भिशी लागली, ते पैसे मी जास्तीचे भरून टाकले. मोबाइलवर पाहिलं तर शेवटच्या हप्त्याची तारीख चक्क काही महिने अलीकडे आलेली!

तिथून मला नाद लागला. दूध उतू जातंय आणि मी मोबाइलवर. तास संपवून स्टाफरूममध्ये आले की आधी ती तारीख. पैसे भरल्याशिवाय ती हलेल कशी? नाही हलायची. तरी बघायची. नवी साडी नको, सहल नको, पाहुण्यांना आहेर करतानाही जीव खालीवर. एक गोष्ट मला पक्की कळली होती — पैसा सुरुवातीला भरला तरच त्याचं काम मोठं. तोच पैसा सात-आठ वर्षांनी भरला तर तारीख जेमतेम सरकते. 'नंतर बघू' हे शब्द मी कर्जाच्या बाबतीत कधी उच्चारले नाहीत.

आता अप्पा. माझे सासरे. चाकूरला त्यांचं किराणा दुकान होतं. सासूबाई गेल्यावर दुकान मोडून आमच्याकडे आले. बोलका माणूस. साखर घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाच्या घरचं सगळं ऐकून घेतल्याशिवाय पुडी बांधायचे नाहीत, असं नवरा सांगतो. माझी गौरी तेव्हा तिसरीत. शाळेतून आली की दप्तरासकट अप्पांच्या कॉटवर. बाई कुणावर ओरडल्या, कुणाचा डबा कुणी खाल्ला — सगळं सांगायची, आणि अप्पा मुद्दाम मैत्रिणींची नावं चुकवून तिला चिडवायचे. मग एके दिवशी ती खरंच चिडली, रडली. अप्पांनी त्या दिवशी चेष्टा केली नव्हती. त्यांना ऐकूच आलं नव्हतं.

नवऱ्याने नांदेडहून पैसे पाठवले. फोनवर म्हणाला, "अप्पाच्या मशीनचे हायत. दोन्ही कानाला चांगली घे." मी अप्पांना घेऊन दवाखान्यात गेले. तपासणी झाली. डॉक्टर माझ्याशी बोलत होते, अप्पा माझ्या तोंडाकडे बघत होते. आत्ता मशीन लावली तर छान ऐकतील, डॉक्टर म्हणाले, पण उशीर करू नका. कान फार दिवस रिकामे राहिले की पुढे आवाज पोचतो, शब्द कळत नाहीत. सुरुवातीलाच फायदा जास्त.

मला हे समजलं नाही असं म्हणू का? माझ्याइतकं ते कुणाला समजणार होतं?

रिक्षात अप्पांनी विचारलं, "काय म्हनला गं डाक्टर?" मी हात हलवून नुसतं 'नाही' केलं. उपयोग नाही — असं. अप्पा म्हणाले, "ऱ्हाऊ दे मग. तुमालाच घराला लई लागून राहिलं." नवऱ्याला मी फोनवर सांगितलं, या वयात मशीनचा उपयोग नाही म्हणाले डॉक्टर. आणि पैसे? ते कर्जात भरू का? भर म्हणाला. त्याच संध्याकाळी भरले. तारीख जवळजवळ वर्षभर अलीकडे आली, आणि मी खूश झाले. हो, खूश. त्या दिवशी मी शिरा केला होता.

पुढे काय झालं ते घरातच झालं, माझ्या डोळ्यांदेखत. देवळाच्या कट्ट्यावर लोक हसायला लागले तसे अप्पा तिकडे जायचे बंद झाले. टीव्हीचा आवाज मोठा करत गेले, शेजारचे बोलले, मग आवाज बंद करूनच बघायला लागले. गौरी आधी ओरडून सांगायची, मग खुणा करायची, मग नुसतं "जेवायला चला" एवढं हाताने दाखवायची. ती बारावी झाली. तिचं एकही गाऱ्हाणं अप्पांपर्यंत गेलं नाही. मधल्या वर्षांत मला सांगता आलं नसतं? रोज आलं असतं. मी तारीख बघत होते.

यंदा कर्ज फिटलं. जंगम स्वामींना बोलावून घरी पूजा केली. नवरा म्हणाला, आता नवीन मशीन आल्यात, एकदा दाखवून तर बघू. आम्ही सगळे गेलो. दुसरा दवाखाना, तरुण मुलगी होती तिथे. तिने अप्पांच्या कानात मशीन बसवली आणि गौरी पुढे वाकून म्हणाली, "अप्पा, मी गौरी. ऐकू येतंय?"

अप्पांनी मान वाकडी केली. तिला पुन्हा म्हणायला लावलं. पुन्हा.

"आवाज येऊन राहिला गं पोरी," ते म्हणाले, "बोलनं न्हाई येत."

इतकी वर्षं का थांबलात, त्या मुलीने विचारलं. नवरा म्हणाला, तेव्हा डॉक्टरच नको म्हणाले होते, आणि त्याने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. हो म्हणून. म्हणजे तो खोटेपणा जुना झाला असंही नाही, गेल्या महिन्यात मी तो पुन्हा केला.

तरी नवऱ्याने मशीन घेतली. कुणी आलं की अप्पा कौतुकाने सांगतात, सुनबाईनं घर सोडवलं.

परवा गौरी म्हणाली, "आई, तुला माहितीय का? अप्पा दिवसभर मशीन काढून ठेवतात. नुसता गोंगाट होतो म्हणे." मी म्हटलं, माझ्यासमोर तर कायम कानात असते. तर म्हणाली, "तुझी गाडी फाटकाशी दिसली की घालतात. पैसे वाया गेले असं तुला वाटू नये म्हणून."

आज शाळेतून आले. फाटकाशी गाडी लावली आणि खिडकीतून बघितलं. अप्पा दोन्ही हातांनी चाचपत मशीन कानात बसवत होते. त्यांचं होईपर्यंत मी बाहेरच उभी राहिले.