लुगड्याचं दुसरं टोक

कोपरीच्या खाडीत आजवर गळाला लागलेला सगळ्यात मोठा जिताडा मी काढलाय. म्हणजे त्याचं डोकं पाण्याबाहेर काढलं, बाकीचा मासा त्याने स्वतःकडेच ठेवला.

ऐकणारे इथेच हसतात आणि उठतात, म्हणून पुढचं मी कधी कुणाला सांगितलं नाही.

तेव्हा मी ठाण्याला रेल्वेत गँगमन होतो. दिवसभर रुळाखालची खडी ठोकायची, रविवारी सुट्टी. कोपरीला चाळीत खोली होती. खोलीत मी, एक स्टोव्ह आणि एक वळकटी. बायको गावाला होती. तिला इथली हवा मानवत नाही, असं मी चाळीत सगळ्यांना सांगायचो. हवा तिला चांगली मानवली होती, मीच मानवलो नाही. दोन महिने राहिली, भावाबरोबर गणपतीला गेली, आणि त्या गणपतीचं विसर्जन होऊन तीन वर्षं झाली तरी ती आलेली नव्हती. पत्र लिहायचं तर मला अक्षर येत नव्हतं. दुसऱ्याकडून लिहून घ्यायचं तर त्याला सगळं कळणार. मग मी पत्राचा नाद सोडला.

आठवडाभर गँगमध्ये माणसं असायची. रविवारी ती आपापल्या घरी. मी दुपारपर्यंत एकदाही तोंड उघडायचो नाही, आणि मग चहावाल्याकडे चहा मागायला गेलो की आवाजच फुटायचा नाही. म्हणून खाडीवर जायला लागलो.

तिथे मिठागराच्या बांधाला एक उघाडी होती, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायचं लाकडी दार. भरती उतरायला लागली की आतलं पाणी त्या दारातून जोरात बाहेर पडतं, त्याबरोबर बारीक मासळी वाहत येते, आणि जिताडा बाहेर तोंड उघडून उभा राहतो, सासुरवाडीला आलेल्या जावयासारखा. त्या उघाडीवर कोळीवाड्यातला एक म्हातारा गळ टाकून बसायचा. होडी त्याच्या मुलाने घेतलेली आणि ह्याला काठावर बसवलेला.

पहिल्या दिवशी मी नुसता बघत उभा होतो. सकाळची ओहोटी होती. खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या दलदलीत, पाणी डबक्याडबक्यांनी उरलेलं. म्हातारा गुडघाभर चिखलात, हातात एक जुनं हिरवं लुगडं. मला म्हणाला, "उभा काय ऱ्हायलास? धर ते टोक."

लुगडं त्याच्या बायकोचं. ती जाऊन बरीच वर्षं झालेली. एक टोक त्याने धरायचं, एक मी, दोघांनी वाकून ते डबक्यातून ओढत न्यायचं आणि शेवटी एकदम उचलायचं. आत कोळंब्या उडायच्या. एकट्याचं ते काम नव्हे. एक टोक सैल पडलं की सगळी कोळंबी त्या बाजूने पसार. मग ती मडक्यात घालायची, खाडीचंच पाणी घालायचं, सावलीत ठेवायची. जिताडा मेलेल्याकडे ढुंकून बघत नाही. गळ कोळंबीच्या डोक्यावरच्या काट्याखालून घालायचा, आतला काळा ठिपका वाचवून. ठिपक्याला लागलं की ती मेली. माझ्या हातून पहिल्या महिन्यात इतक्या मेल्या, की म्हातारा म्हणायचा, "तू मासे धराया नको, कोलंबीचा कालवण कराया बस."

दोन वर्षं मी ते टोक धरलं. मोठा मासा लागला की म्हातारा दोरी ओढायचा आणि मी खाली दगडावर उतरून कल्ल्यात हात घालून उचलायचो. मासा त्याचा, पण वर आणणारा मी. घरी जाताना तो शेपटीकडचा तुकडा द्यायचा. मी तो एकटा रांधायचो आणि एकटाच खायचो, पण त्या रात्री खोली जरा भरल्यासारखी वाटायची.

बिघडलं ते माझ्या तोंडामुळे. आठवडाभराचं साठलेलं मी रविवारी त्या उघाडीवर ओतायचो. म्हातारा हूं नाही की चूं नाही. एकदा मी त्याला आमच्या मुकादमाची नक्कल करून दाखवली. तो हसला नाही, म्हणून त्याच्या वाटचं मीच हसलो, मांडीवर थाप मारली, पाय झाडला आणि मडकं लवंडलं. सकाळपासून धरलेली सगळी कोळंबी खाडीत.

म्हातारा मडक्याकडे बघत म्हणाला, "तुझ्या तोंडाला बूच नाय का रं?"

एवढंच म्हणाला. पण मला लागलं. मी म्हटलं, "तुमच्या कोळंबीवाचून माझं काही अडत नाही, बाबा. माझ्याकडे विलायती मासा आहे."

हे खोटं नव्हतं. ठाण्याला यायच्या आधी मी कल्याणला एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर झाडांना पाणी घालायचो. स्वातंत्र्य आलं तसा साहेब सामान बांधून निघाला. जाताना मला सायकल देईल अशी माझी अटकळ होती. त्याने एक पत्र्याचा डबा दिला. मी म्हटलं, बिस्किटं असतील. वाटेतच झाकण उघडून हात घातला आणि बोट अडकलं. आत लाकडाचे रंगवलेले मासे होते, काचेचे डोळे लावलेले, पोटाखाली तीन तोंडांचे गळ. म्हणजे त्या डब्याने पहिल्यांदा धरलं ते मलाच.

पुढच्या रविवारी त्यातला एक मासा घेऊन मी बांधावर गेलो. लाल डोकं, पांढरं अंग. म्हाताऱ्यापासून पन्नास पावलांवर उभा राहिलो.

त्याने लांबूनच विचारलं, "त्याला वास हाय का?"

"नाही."

"जीव?"

"ओढला की हलतो, बाबा. जिताड्याला काय कळतंय?"

तो परत आपल्या दोरीकडे वळला.

लाकडाच्या माशाचं एक सुख आहे. चिखलात उतरायला नको, मडकं नको, कुणाची वाट बघायला नको. दोरीने फेकायचा आणि झटके देत ओढायचा. मी चार महिने फेकला. त्याने तिवराची झाडं धरली, बांधाचे दगड धरले, एकदा माझी चड्डी धरली. एकदा फेकताना मागून आला आणि माझ्या कानाच्या पाळीत बसला. गळ निघेना. तसाच, कानाला मासा लोंबकळत, स्टेशनचा पूल ओलांडून नौपाड्यात दवाखान्यात गेलो. बाकावर बसलेल्या बायका पदर तोंडाला लावून उठून दुसरीकडे बसल्या. कंपाउंडर मोठा शांत माणूस. चष्मा वर करून म्हणाला, "मासे खाणारे पुष्कळ पाहिले. मासा घालणारे आपण पहिलेच. जोडीचा दुसरा कुठे आहे?"

मला वाटलं, ही गोष्ट म्हाताऱ्याला सांगितली तर तो नक्की हसेल. पण आमचं बोलणं बंद होतं. रविवार आला की मी सकाळपासून त्या काचेच्या डोळ्यांशीच बोलायचो. त्याला निदान मध्येच उठून जाता येत नव्हतं.

पन्नास पावलांवर म्हातारा एकटाच चिखलात असायचा. त्याने एक खुंटा ठोकलेला. लुगड्याचं एक टोक खुंट्याला बांधायचा आणि दुसरं धरून गोल फिरायचा. चार-पाच कोळंब्या मिळायच्या. मी बघायचो आणि बघत नाही असं दाखवायचो. मला जिताडा नको होता, खरं सांगतो. मला एवढंच पायजे होतं की मोठा मासा लागावा, म्हाताऱ्याने ती पन्नास पावलं चालून यावं आणि म्हणावं, दाखव रं.

कोजागिरीच्या उधाणाला लागला. दुपारी भरती वळली, उघाडीतून पाणी धो धो पडायला लागलं. मी लाकडाचा मासा माझ्यापर्यंत वाहत आलेल्या फेसात टाकून ओढला आणि दोरी जागच्या जागी थांबली. मला वाटलं, दगड. मग दगड चालायला लागला. जिताडा पाण्याबाहेर उडाला, डोकं झाडलं, आणि माझ्या तळहाताचं सालपट घेऊन दोरी सुटली. किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी तो बांधाच्या पायथ्याशी आला, आडवा झाला. माझ्या मांडीएवढा होता. आता मांडी बघू नका, तेव्हा मांडी होती.

डोकं वर आलं. लाल लाकूड त्याच्या जबड्यात. आता एकाने दोरी ताणून धरायची आणि दुसऱ्याने खाली उतरून कल्ल्यात हात घालायचा. आणि बांधावर मी एकटा. एका हातात दोरी ठेवून खाली वाकलो तर हात पोचेना. उतरू तर दोरी सैल पडणार. 'बाबा' हा शब्द माझ्या गळ्यापर्यंत आला. जन्मभर नको तिथे बोललो आणि तेव्हा तोंड मिटून घेतलं. मनात म्हटलं, हाक मारली तर मासा त्याचा होईल.

जिताड्याने माझ्याकडे एकदा बघितलं, डोकं झाडलं, त्याच्या कल्ल्याच्या धारेने दोरी कापली आणि साहेबाचा मासा तोंडात घेऊन तो गेला. मी चिखलात बसलो.

बऱ्याच वेळाने उठून ती पन्नास पावलं मीच चाललो.

"बाबा, मोठा जिताडा होता."

"बगितला."

"बघितलात? मग आला का नाहीत?"

"हाक मारलीस?"

मी त्याच्या मडक्यात डोकावलो. तळाशी तीन कोळंब्या होत्या. मी म्हटलं, "पुढच्या रविवारी सकाळीच येतो. लुगड्याचं ते टोक मी धरतो, पहिल्यासारखं."

म्हाताऱ्याने गळाला नवीन कोळंबी लावली, काट्याखालून, ठिपका वाचवून. दोरी पाण्यात सोडली. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "नको. तुझ्यापरीस खुंटा बरा. बडबडत नाय, नि जागचा हालत नाय."