काकूच्या कुंकवावर घातलेला आळ

मी साताऱ्याचा. डिप्लोमासाठी सांगलीला काकांच्या घरी राहत होतो. काकांचं कुपवाडला छोटं वर्कशॉप होतं आणि तिथल्या केबिनमध्ये ड्रॉइंग काढायला एक कॉम्प्युटर होता. ड्रॉइंग मी काढायचो. काका जेवायला घरी गेले, की त्याच कॉम्प्युटरवर मोटारींच्या शर्यतीही मीच लावायचो. पण शर्यत कसली! वळण आलं की माझी गाडी अशी अडखळायची, की कोयनानगरच्या घाटातली भरलेली एसटीसुद्धा पुढे निघून गेली असती.

रॅम वाढवावी की ग्राफिक्स कार्ड घालावं, यावर मी महिनाभर विचार केला. अभ्यासाचा इतका कधी केला नव्हता. काकांच्या कामाला रॅम उपयोगी पडली असती. शर्यतीला कार्ड हवं होतं. मी गंभीर चेहरा करून काकांना सांगितलं, की कार्डाशिवाय बारीक रेघा नीट दिसत नाहीत, एखादं माप चुकायचं. मापाचं नाव काढताच काका तयार झाले. हे माझं पहिलं पाप. खरं सांगतो, त्याचं मला फारसं काही वाटत नाही.

कार्ड आलं ते नेमकं खंडेनवमीच्या आदल्या दिवशी. काका म्हणाले, नवीन हत्यार आहे, आधी पूजेत ठेवू, मग बसव. लेथ, ड्रिल, पाने, सगळ्यांना झेंडूच्या माळा पडल्या. हळदीकुंकू लावायचा मान काकूचा. वर्षातून तो एकच दिवस वर्कशॉप तिचं असायचं. ती ठेवणीतली साडी नेसून यायची आणि एरवी कुणाला न जुमानणारे कामगार तिच्यामागून ताट घेऊन फिरायचे. कार्डापाशी ती थबकली.

"ह्येला कुठं लावू रं?"

मी ऐटीत एक कोपरा दाखवला. तिथे काहीच नव्हतं, नुसती हिरवी पट्टी. तिने अगदी हलक्या बोटाने तिथेच टिकली लावली.

मग माझा प्रवेश. सगळ्यांसमोर मी कॅबिनेट उघडलं, कार्ड खाचेत दाबलं, वायरी जोडल्या आणि बटण दाबलं. पंखा फिरला, एक बीप वाजला. स्क्रीन काळी. पुन्हा दाबलं. काळी. रॅम काढून परत बसवली, कार्डाचे सोनेरी दात खोडरबराने घासले. काळीच. आठ-दहा माणसं हातात पेढा धरून माझ्याकडे बघत होती.

म्हातारा लेथवाला हळूच म्हणाला, "वैनी, कुकू जरा वलं लागलं का वं?"

त्याने थट्टा केली होती. मी ती उचलली.

"ओल आत गेली असणार," मी म्हणालो.

काकांनी तिच्याकडे पाहिलं. काकूने ताट खाली ठेवलं आणि पेढा न खाता ती घरी गेली.

दुपारी वर्कशॉप रिकामं झाल्यावर मी कॅबिनेटच्या मागे वाकून पाहिलं. मॉनिटरची वायर मी जुन्याच सॉकेटला लावली होती. नवं कार्ड बसलं की जुनं सॉकेट बंद होतं, हे मला पाठ होतं. तो एकुलता बीप तर मशीन ठणठणीत असल्याची खूण. वायर बदलली, स्क्रीन उजळली. त्या दुपारी मी तीन शर्यती जिंकलो आणि संध्याकाळी काकांना सांगितलं, "वाळलं."

पुढच्या खंडेनवमीला काकूने लेथपासून काकांच्या स्कूटरपर्यंत सगळ्यांना कुंकू लावलं. कॉम्प्युटरला मात्र लांबूनच हात जोडले. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. मी मन लावून ताट धरून उभा राहायचो.

परवाच्या खंडेनवमीला सांगलीला गेलो होतो. माझा लॅपटॉप पूजेत ठेवला आणि काकूला सगळं सांगून टाकलं, हावभावांसकट. ती हसेल अशी माझी खात्री होती. अशा गोष्टींवर माझी माणसं हसतातच.

"म्हंजे कोपरा बरोबर हुता?" तिने विचारलं.

"बरोबर होता."

"त्या दिवशी घरी यिऊन दोनदा हात धुतला मी."

ती पुढे सरकली. पान्यांना लावलं, ड्रिलला लावलं. लॅपटॉपपाशी येऊन तिने हात जोडले.

"काकू, आता तरी लाव की गं."

"राहू दे रं," ती म्हणाली. "हात जात न्हाई तिकडं."