मांडीवरचा नारळ

गाडी विकायची ठरली त्या दिवसापासून माझे पाय जमिनीवर नव्हते. पगारातून घेतलेली माझी पहिलीवहिली गाडी, तिचं वाईट वाटायला हवं होतं. पण मला डोळ्यांसमोर दिसत होतं ते शिरवळच्या एका कारखान्यातलं जुनं लेथ मशीन. इतकी वर्षं कुपवाडला दुसऱ्यांच्या शेडमध्ये राबले, आता स्वतःची शेड भाड्याने घेतली होती, शटरला रंगही देऊन झाला होता. व्यवहाराच्या दिवशी सकाळीच मशीनवाल्याने बजावलं होतं, "आज संध्याकाळपर्यंत पैसे आले तर तुमचं, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक उभं आहे." गाडीचे पैसे आले की तसेच तिकडे पाठवायचे, एवढंच उरलं होतं.

गाडीचं गिऱ्हाईक विट्याचं. एक तरुण मुलगा आणि त्याची आई. पैसे पाठवणार होता थोरला भाऊ. त्याचं दूर दक्षिणेत सोनं गाळायचं दुकान. मी त्यांना सांगलीत माझ्या बँकेच्या आवारातच बोलावलं. मुलाच्या आईने, म्हणजे मावशींनी, येताना हार, हळदकुंकू, नारळ, सगळं आणलं होतं. बारापर्यंत मुहूर्त होता.

हार घालून झाला आणि मुलाने फोन माझ्यासमोर धरला. "ताई, दादानं पैसं टाकलं. ह्ये बघा." स्क्रीनशॉटवर माझं नाव, पूर्ण रक्कम, वर हिरवी पट्टी. मी आनंदाने ओरडलेच! किल्ली अर्धी पुढे गेलीसुद्धा. मग सहज म्हणून माझ्या बँकेचं ॲप उघडलं. खात्यात कालचीच शिल्लक.

"येतील की. मुहूर्त टळतोय," असं म्हणत मुलगा नारळ फोडायला वाकला. आमच्याकडे नारळ फुटला की व्यवहार झाला. त्यानंतर पैसे विचारणं म्हणजे समोरच्याला चोर म्हणणं. मला काय सुचलं देव जाणे, मी त्याच्या हातातून नारळ काढून घेतला, ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसले आणि दार लावून घेतलं. नारळ मांडीवर, किल्ली मुठीत.

बँकेत येणारीजाणारी माणसं थांबून बघायला लागली. मुलाचा चेहरा लाल झाला. लाज मलाही वाटत होती, पण मी काही उतरले नाही.

शेजारचं दार उघडून मावशी आत येऊन बसल्या.

"माझ्या लेकावर इस्वास न्हाई व्हय गं?"

"आवं मावशी, तुमच्यावर हाय. पण ह्यो पैशाचा फोटो हाय, पैसं न्हाईत. फोटो दाखवून मला कोण मशीन देईल?"

मावशींनी काच खाली करून लेकाचा फोन मागून घेतला आणि थोरल्याला लावला. "तू कुणाचं सोनं तापवून बघितल्याबिगर घेतोस का रं? मग ही पोरगी का घेईल? नीट बघ, पैसं गेलं का न्हाई!"

पैसे गेलेच नव्हते. माझं खातं त्याच्या यादीत नवीन, त्यात एवढी मोठी रक्कम, म्हणून त्याच्या बँकेने रोखून धरले होते. हिरव्या पट्टीखाली बारीक अक्षरांत तसं लिहिलंही होतं. हिरवा रंग बघून आम्ही कुणीच पुढे वाचलं नव्हतं. "शाखेत जाऊन पाठवतो," थोरला फोनवर ओशाळून म्हणाला.

बारा वाजून गेले. मी चाचरत मुहूर्ताचं काढलं, तर मावशी म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. पैसं येतील तवाच मुहूर्त." मग आम्ही दोघी हार घातलेल्या गाडीत बसून भडंग खाल्लं.

मोबाईल वाजला, पण मी नुसत्या मेसेजवर कशाला विसंबतेय! ॲप उघडलं, रक्कम वाचली, पुन्हा वाचली आणि बँकेत जाऊन खिडकीवरच्या बाईंकडूनही खात्री करून घेतली. आले होते! बँकेतून मी अक्षरशः उड्या मारत बाहेर आले. कागदांवर सह्या केल्या, नारळ मुलाच्या हातात दिला. तो फुटला आणि मी किल्ली पुढे केली.

मावशींनी किल्लीला अडकवलेलं माझं पितळी कीचेन सोडवलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. "आमी म्हैस इकली तरी तिच्या गळ्यातलं दावं देत न्हाई. ते घरातच ठेवायचं असतं."

गाडी फाटकातून बाहेर पडली तेव्हा मला पहिल्यांदा रडू आलं. डोळे पुसत पुसतच शिरवळला पैसे पाठवले, आणि त्या कीचेनमध्ये माझ्या शेडची किल्ली अडकवली.