तू म्हणशील तसं

शालू गेल्याची बातमी मला सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर समजली. सकाळचे आठ वाजले होते, मी गॅसवर दूध ठेवून ओट्याशी उभी होते. ‘आपल्या गाळ्यातल्या फुलवाल्या मावशी काल गेल्या,’ असं कुणीतरी लिहिलं होतं. खाली जोडलेल्या हातांच्या चित्रांची रांग लागली होती. त्या रांगेतच तिसऱ्या मजल्यावरच्या एका सुनेनं विचारलं होतं, ‘मग उद्याच्या पूजेचे हार कुठून आणायचे?’ आणि दोघातिघांनी तिला तत्परतेनं पत्तेही कळवले होते. मी ते वाचत राहिले, दूध उतू गेलं, गॅस बंद केला... आणि मीही जोडलेल्या हातांचं एक चित्र पाठवून दिलं. तीस वर्षांच्या मैत्रिणीसाठी. ‘तिचं नाव शालिनी होतं’ एवढं लिहायलासुद्धा माझं बोट वळलं नाही. त्याला आता दीड महिना होईल.

शालू आणि मी कर्वेनगरात एकाच वर्षी आलो. मी पेठेतल्या दोन खोल्या सोडून नव्या इमारतीत राहायला आले आणि तिनं त्याच इमारतीतला, जिन्यालगतचा गाळा भाड्यानं घेतला. तिचं माहेर वाघोलीचं. तिथं तेव्हा सगळी शेती होती आणि तिचे वडील शेवंती करायचे. नवरा, दिलीपराव, रिक्षा चालवायचे. पहिल्याच आठवड्यात मी गाळ्यासमोर उभी राहून नाक वर करून विचारलं होतं, “हार ताजा आहे ना?” तिनं दोऱ्यावरची नजर न उचलता सांगितलं, “न्हाई, मागच्या दिवाळीचा हाय. बांधू?” मला हसू आवरेना. पुणेरी तिरकसपणा तिनं आमच्याकडून उचलला की जन्मतःच घेऊन आली होती, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

लोक तिच्याकडे फुलांसाठी यायचे तसे सल्ल्यासाठीही यायचे. लग्न ठरलं की आधी शालूकडे, मग कार्यालयाकडे, असा आमच्या भागातला रिवाजच पडला होता. ती पहिल्यांदा फुलांचं काही विचारायचीच नाही. मुहूर्त कितीचा, मांडव उघड्यावर आहे की छताखाली, नवरा मुलगा फेटा बांधणार का, असे प्रश्न विचारायची. फेटा असेल तर हार मोठ्या घेराचा हवा, नाहीतर हार अडकतो, फेटा पडतो आणि फोटोत मुलीची धांदल तेवढी दिसते. निशिगंधाचा गच्च हार मुलीला घालू नका, तासाभरात तिची मान अवघडते. स्टेजवर पाकळ्या पसरू नका, नऊवारीतली कुणीतरी घसरते. पंगतीजवळ वासाचं फूल नको, मठ्ठ्यालाही त्याचाच वास येतो. बारशाला पाळण्याच्या दोरीवर खरी फुलं गुंडाळू नका, मुंग्या तिथून थेट बाळापाशी जातात. एकदा एका बाईंनी भिशीच्या पार्टीसाठी मोबाइलमधला फोटो दाखवून “सेम असंच पाहिजे” म्हटलं, तेव्हा शालूनं फोटो नीट न्याहाळला आणि म्हणाली, “करते की. पण हे फोटोतलं घर बी द्यावं लागंल तुम्हाला. तुमच्या खोलीत एवढं ठेवलं तर बायका कुठं बसवणार?”

माझी मुलगी ऋता या गाळ्यातच वाढली म्हटलं तरी चालेल. मी नोकरी करायची. शाळा सुटली की ऋता गाळ्यात जाऊन बसायची, ती मी सहाला घरी येईपर्यंत. पाढे तिथंच पाठ केले, पहिला गजरा तिथंच ओवला. पाचवीत तिला कावीळ झाली तेव्हा मला रजा मिळेना, तर शालूनं ऐन लग्नसराईत गाळ्याचं शटर ओढलं आणि दुपारभर वर येऊन तिच्या उशाशी बसली. मी आभार मानायला गेले तर म्हणाली, “माझी सून मोठी व्हायला अजून लई वर्षं हायेत. तोवर हिच्यावर हात बसवते.”

तर या ऋताचं लग्न ठरलं. सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. सासरची माणसं मोठी. पैशानं होतीच, पण त्याहून बोलण्यावागण्यानं. विहीणबाई प्रत्येकाला ‘आपण’ म्हणायच्या आणि त्यांच्यासमोर मला स्वतःच्या साडीची घडीसुद्धा चुकल्यासारखी वाटायची. लग्न वाघोलीच्या एका लॉनवर, मे महिन्यात, गोरज मुहूर्तावर. ऋताला आणि तिच्या नणंदेला फिकट रंगांची सजावट हवी होती. फिकट गुलाबी गुलाब आणि हायड्रेंजियाचे मोठमोठे निळसर गुच्छ. शालूनं ऐकून घेतलं. “फुलं देखणी हायेत,” ती म्हणाली, “पण सारखं पाणी मागत्यात. मी त्या मातीत वाढलीय मंजू. मे महिन्यात तिथं दुपारी झळा लागत्यात. लावायचीच असतील तर चारनंतर लावू.” ठरलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी फोटोग्राफरनं सांगितलं की रिकाम्या मांडवाचे फोटो दिवसाच्या उजेडात घ्यावे लागतील आणि विहीणबाईंनीही तशी इच्छा दाखवली. मी शालूला फोन केला. फुलं अकराला लावून हवीत.

“अकराला लावली तर पाचाला माना टाकतील.”

“अगं, त्यांना फोटो हवेत.”

“मग फोटोतच लग्न लावा म्हणावं.”

मी चिडले. लग्नघरातल्या आईचं चिडणं ते... “हे बघ, वाद घालू नकोस,” मी म्हटलं. “लाव अकराला. काही झालं तर जबाबदारी माझी.”

ती म्हणाली, “बरं.”

अकराला मांडव सजला. इतका सुंदर, की फोटोग्राफर हरखून गेला. फुलं लावून शालू जवळच भावाकडे तयार व्हायला गेली, कारण ती लग्नाची पाहुणीही होती; पत्रिका मी स्वतः तिच्या हातात दिली होती. पाचच्या सुमाराला ती परत आली तेव्हा तिच्या अंगावर मोरपिशी सिल्कची साडी होती, केस नीट बांधलेले होते. मी विहीणबाईंशी बोलत उभी होते. शालू हसत जवळ आली. विहीणबाईंनी तिच्याकडे पाहून मला विचारलं, “या कोण?” आणि मी म्हटलं, “या आमच्या फुलवाल्या.”

मैत्रीण म्हणायला किती वेळ लागतो? ‘फुलवाल्या’ म्हणायला लागतो तेवढाच. तरी माझ्या तोंडून ते आलं नाही. तिच्या बोलण्यातलं ‘हाय’ आणि ‘न्हाई’ विहीणबाईंना ऐकू जाईल, या भीतीनं आलं नाही, हे मला तेव्हाही कळत होतं.

तेवढ्यात विहीणबाईंचं लक्ष मांडवाकडे गेलं. हायड्रेंजियाचे गुच्छ कोमेजून ओल्या कागदासारखे लोंबत होते. गुलाबांच्या कडा तपकिरी पडल्या होत्या. मुहूर्ताला दोन तास होते. विहीणबाई अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, “फुलं शिळी होती का हो?” त्या क्षणी एकच वाक्य बोलायचं होतं... ‘नाही, मीच सकाळी लावायला सांगितली.’ त्याऐवजी मी वळून, चार लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, “शालू, अगं कसली फुलं आणलीस ही? आमच्या इभ्रतीचा तरी विचार करायचास!”

शालूनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ही बोलणार. ती कुणालाच सोडत नसे. पण तिनं मान खाली घातली आणि म्हणाली, “चुकलं, ताई.”

त्याआधी ती मला कधीच ताई म्हणाली नव्हती.

मग तिनं पदर खोचला. मांडवामागे तिचा टेम्पो उभा होता. त्यात ओल्या गोणपाटाखाली पिवळा झेंडू आणि पांढरी शेवंती झाकून ठेवली होती. कुणी सांगितलं नव्हतं, तरी तिनं आणली होती, कारण पाचला काय होणार हे तिला ठाऊक होतं. ती, तिची सून सुवर्णा आणि दोन कामगार, असे चौघे शिडीवर चढून भराभरा माळा बांधू लागले. मुहूर्ताआधी मांडव पुन्हा उभा राहिला. अक्षता पडल्या. जेवायच्या वेळी मी तिला शोधलं, म्हणजे नजर फिरवली. ती गेली होती. सासरी जाण्याआधी ऋतानं विचारलं, “शालूमावशी जेवून गेली ना गं?” मी म्हटलं, “हो, पोटभर.” ऋता, हे तू बंगळूरला बसून वाचशील. तुला त्या दिवशी मी खोटं सांगितलं होतं.

पुढे आमच्यात भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं. विहीणबाईंच्या नात्यात त्या वर्षी आणखी तीन लग्नं झाली. त्यांतलं एकही काम शालूकडे गेलं नाही, आणि का गेलं नाही हे मला माहीत होतं. तिनं मात्र कधी विषय काढला नाही. मी गाळ्यात जायची, ती बसायला स्टूल द्यायची, ऋताची चौकशी करायची. पुन्हा मंजूच म्हणायला लागली. एकच गोष्ट बदलली आणि ती मला दोन वर्षांनी, नातीच्या बारशाला कळली. मी विचारलं, “हॉलमध्ये काय लावू गं?” ती म्हणाली, “तू म्हणशील तसं.” मी म्हटलं, “म्हणजे काय? तू सांग ना.” तिनं शांतपणे दोरा दातानं तोडला. “तू म्हणशील तसं लावते, मंजू.” माझ्या पाठीमागे एक अनोळखी बाई उभ्या होत्या, त्यांना मात्र तिनं साखरपुड्याबद्दल पंधरा मिनिटं समजावून सांगितलं. मी स्टुलावर बसून ऐकत होते. त्यानंतर मी पुष्कळदा मुद्दाम विचारून पाहिलं, अगदी गौरींच्या हारांबद्दलसुद्धा. उत्तर तेच. रागाचा सूर नाही, टोमणा नाही.

यंदा ती आजारी पडली, दुखणं वाढलं आणि ती दवाखान्यात होती तेव्हा मी भेटायला गेले. मनाशी ठरवूनच गेले होते. दिलीपराव चहा प्यायला खाली गेले तशी मी तिचा हात धरला. बोटांवर दोऱ्याचे जुने वळ तसेच होते. मी म्हटलं, “शालू, त्या लग्नात...”

“कुठल्या?” ती डोळे मिटूनच म्हणाली. “मी हजार लग्नं केली.”

तिनं मला सोडवलं, की ऐकायचंच नाही म्हणून दार लावून घेतलं... मला ठरवता येत नाही. मला एवढंच पक्कं आठवतं की मला हायसं वाटलं. मी पटकन नातीच्या शाळेचं काहीतरी बोलायला लागले. ती शेवटची भेट.

ती गेल्यावर दहाव्या-बाराव्या दिवशी मी विहीणबाईंना फोन केला आणि सगळं सांगितलं. फुलं कुणी अकराला लावायला लावली, जबाबदारी कुणी घेतली होती. त्या जरा गोंधळल्या. “अहो, कोमेजलेली फुलं मला आठवतही नाहीत,” म्हणाल्या. “तो शेवंतीचा मांडव तेवढा आठवतो. किती प्रसन्न होता!” मग मी म्हटलं, “शालिनी माझी मैत्रीण होती. ऋताला तिनं सांभाळलं होतं.” “मग आपण तेव्हा तसं का नाही म्हणालात?” त्यांनी विचारलं. खरोखर कुतूहलानं विचारलं.

गेल्या मंगळवारी मी गाळ्यात गेले. आता सुवर्णा बसते. दुपारची वेळ होती, गिऱ्हाईक नव्हतं. ती एक हार ओवत होती. मी तिलाही सांगायला सुरुवात केली, तर तिनं मला मध्येच थांबवलं. “मी त्या दिवशी टेम्पोतच होते, काकू. मला सगळं ठावं हाय.”

“घरी येऊन काय म्हणाली गं?”

“काय न्हाई. भूक लागलीय म्हणाल्या, पिठलं टाक. मीच लई बडबडले. तर मलाच गप केलं. पोरीची आई हाय ती, म्हणाल्या, तिचा जीव थाऱ्यावर नव्हता.”

मला बरं वाटायला लागलं होतं. खोटं कशाला बोलू? मी विचारलं, “म्हणजे रागावली नव्हती?”

सुवर्णानं दोन फुलं ओवली, तिसरं हातात धरून ठेवलं. “रागाचं मला न्हाई कळत. पण त्या दिवशी आमच्या आत्याबाई आयुष्यात पहिल्यांदा पार्लरात गेल्या होत्या. मैत्रिणीच्या लेकीचं लग्न हाय म्हणून. मीच नेलं होतं. त्यानंतर कुणाच्या लग्नाला त्या नटून गेल्या न्हाईत. सख्ख्या भावाच्या पोरीच्या लग्नात बी कामाच्या साडीवर, मांडवाच्या मागच्या अंगानं आत शिरल्या. मामा रुसले. तर म्हणाल्या, मागनं आलं की आपण कोण ते कुणाला सांगावं लागत न्हाई.”

तेवढ्यात बाहेर एक जोडपं आलं. सुवर्णानं हार स्टुलावर ठेवला आणि ती त्यांच्याशी बोलायला उठली. हार अर्धा झाला होता, सुई दोऱ्याला लोंबत होती. तिला तेवढीच मदत म्हणून मी सुई उचलली, टोपलीतून एक फूल घेतलं. देठातून ओवायचं की मधून, ते मला माहीत नव्हतं. फूल फाटलं. दुसरं घेतलं, तेही फाटलं. तीस वर्षं मी या गाळ्यात येऊन बसत होते आणि शालूचे हात बघत होते... सुवर्णा परत येईपर्यंत मी ती फाटलेली फुलं मुठीत धरून बसून राहिले.