एका भाकरीचं पीठ

माझे वडील विंचू उतरवायचे. ईट गावाजवळच्या आमच्या खेड्यात विंचवांना तोटा नव्हता, त्यामुळे आबांना कुणी ना कुणी बोलवायला यायचंच. त्यांच्या मंतराची अट एकच: ज्याचा विंचू उतरवला, त्याच्या हातचं अन्नपाणी घ्यायचं नाही. घेतलं की मंतर जातो. होता होता गावात आबांना टेकून पाणी प्यावं असं घरच उरलं नाही.

मी नऊ वर्षांची असताना गोवऱ्यांच्या ढिगात हात घातला आणि मला विंचू चावला. आई आधीच गेलेली. मी किंचाळले तसा आबांनी मागचापुढचा विचार न करता मंतर म्हटला. कळ उतरली. मग ते माझ्याकडे बघत तसेच बसून राहिले. आपण काय करून बसलो, हे त्यांच्या तेव्हा ध्यानात आलं असावं.

त्या दिवसापासून आमच्या घरात दोन चुली झाल्या. आबा स्वतःचं पाणी शेंदत, स्वतःची भाकरी थापत. मी माझी थापायची आणि एकटीच खायची. त्या मंतराचा मला भयंकर राग यायचा. विंचवाची कळ एका दिवसाची असते. ही चार वर्षं चालली.

निजामाच्या राजवटीचे ते शेवटचे दिवस. धाडींच्या धास्तीनं सगळं गाव सरहद्दीपलीकडे बार्शीच्या बाजूला निघून गेलं, तेव्हा आबा तापानं फणफणले होते. आम्ही दोघंच मागं राहिलो. मी तांब्या त्यांच्या ओठांशी नेला. त्यांनी तोंड फिरवलं.

"दुसऱ्या कुणाला तरी बोलव."

"गावात कुत्रंबी न्हाय, आबा. प्या."

"गाव माघारी येईल की. मग त्यास्नी इचू चावला तर?"

"अन् तुमी मेलाव तर म्या कुणाच्या तोंडाकडं बघू?"

त्यांनी तांब्या धरला. मग घटाघटा प्याले. ताप उतरल्यावर मात्र ते पुन्हा आपल्याच चुलीपाशी बसले.

गाव परतल्यावर शेजारीण विंचू चावलेलं रडतं लेकरू घेऊन धावत आली. "माझा मंतर गेलाय," आबा म्हणाले. तिला ते खरं वाटेना. तिनं पायच धरले, तेव्हा त्यांनी नाइलाजानं ओठ हलवले, नेहमीसारखा हात फिरवला. थोड्या वेळानं लेकरू शांत झालं आणि आईच्या खांद्यावर झोपलं.

ती गेल्यावर आबा दारात सुन्न बसून राहिले. मग आत आले आणि माझ्या चुलीपाशी टेकले.

"माझीबी थाप."

मला रडूच कोसळलं. चार वर्षांच्या सवयीनं मी परातीत पीठ एकाच भाकरीचं घेतलं होतं.