मंजुरीसाठी थांबलेला निरोप

आयुष्यभर कचेरीत आवक-जावक सांभाळलेल्या माणसाच्या हातात इमारतीचा मोबाइलवरचा ग्रुप द्यायलाच नको होता. पण टाकीत विष पडल्याची कोणीतरी थाप ठोकली, साठ घरांनी भरलेल्या बादल्या मोरीत ओतल्या, आणि घाबरलेल्या मंडळींनी एकमताने लगाम काकांच्या हाती दिला.

मग काय विचारता! काकांनी पास केल्याशिवाय कोणाचाही निरोप ग्रुपवर दिसेना. काका दिवसातून दोनदाच बसत, अकराला आणि चारला. पुढ्यात वही, प्रत्येक निरोपाला आवक क्रमांक. वशिला नको म्हणून पाठवणाऱ्याचं नाव ते अंगठ्याने झाकून वाचत. हरवलेल्या मांजराचा निरोप तिसऱ्या दिवशी पास झाला, तोवर मांजर घरी येऊन दूध पिऊन झोपलंही होतं. "पण एक तरी अफवा पसरली का?" काका छाती फुगवून विचारत. नव्हती पसरली, हे मात्र खरं.

त्या दिवशी काकू औषधं घेऊन परतताना दोनच्या सुमारास लिफ्टमध्ये अडकल्या. आतली घंटा बिघडलेली. जिना इमारतीच्या दुसऱ्या टोकाला, आणि लिफ्ट बंद पडायची सवय झालेले लोक तिकडूनच मुकाट्याने ये-जा करत होते. काकूंना दम्याचा त्रास. त्यांनी नवऱ्याला सतरा फोन केले, पण वामकुक्षीच्या वेळी काकांच्या फोनचा आवाज बंद असे. दुसऱ्या कोणाचा नंबर जवळ नव्हता, आणि ग्रुपवरचे नंबरही काकांनी वशिल्याच्या भीतीने लपवून ठेवले होते. शेवटी त्यांनी ग्रुपवर लिहिलं, "लिफ्टमध्ये अडकले आहे. श्वास लागतोय. कोणीतरी या."

चारला काकांनी वही उघडली, अंगठा ठेवला, निरोप वाचला आणि तत्परतेने उत्तर धाडलं, "मजला नमूद नाही. दुरुस्त करून पुन्हा पाठवावे." धन्य ते काका!

मग त्यांना ते सतरा फोन दिसले. अंगठा आपोआप बाजूला सरकला. काका अनवाणीच धावत सुटले.

लिफ्टपाशी त्यांनी अशी बोंब ठोकली की मजल्यामजल्यावरून माणसं जमली. आणि तिथेच जुंपली.

"ग्रुप खुला करा, आत्ताच्या आत्ता!"

"आणि पुन्हा विषाची थाप आली तर? तुम्ही निस्तरणार?"

"अहो, भांडता काय, समिती नेमू!"

हात वर करून मतंसुद्धा मोजून झाली. लिफ्टची किल्ली आणायला मात्र कोणी हललं नव्हतं.

"अगं, मी आलोय," काका दाराच्या फटीला तोंड लावून रडवेल्या आवाजात म्हणाले. "घाबरू नकोस."

आतून बराच वेळ नुसती घरघर ऐकू आली. मग काकू म्हणाल्या, "तुम्ही राहू द्या हो. वॉचमनला बोलवा. त्याला सांगितलेलं कळतं."