सळयांवरची हळद

तेलंगणातल्या कोरुटल्याचा कोमुरय्या मेस्त्री रस्त्यानं निघाला की त्याची मान सदा वर. समोरून सोयरा येऊन नमस्कार घालतोय आणि हा त्याच्या डोक्यावरून पलीकडच्या गच्चीवरच्या सळया मोजतोय! नवखे म्हणत, काय गर्विष्ठ माणूस. जुने म्हणत, छे हो, तो गिऱ्हाइकं बघतोय.

आमच्याकडे घर एका दमात कोण बांधतो? खालचा स्लॅब पडला की कॉलमच्या सळया कमरेएवढ्या वर सोडायच्या. पोरगं मस्कतला जाऊन कमवायला लागलं की मग वरचा मजला. बाकीचे मेस्त्री स्लॅब ओतायचे, मटण हाणायचे आणि चालते व्हायचे. कोमुरय्या मात्र दर वर्षी दसरा झाला की सिमेंटच्या पातळ पाण्याची बादली आणि झिजलेला ब्रश घेऊन आपल्या जुन्या घरांवर चढायचा. गंज धरू नये म्हणून एकेक सळई रंगवायचा. फुकट! उतरताना एवढंच विचारायचा, "पोरगा केवढा झाला?" पाटी नाही, कार्ड नाही, हीच त्याची जाहिरात.

पण त्या वर्षी दोन गोष्टी एकदम झाल्या. मेस्त्रीचा गुडघा धरला, म्हणून दसऱ्याची फेरी बुडाली. आणि तालुक्यात तयार काँक्रीटची गाडी आली, पाठीवर फिरता ढोल घेऊन. लोक तिलाच कामं देऊ लागले. मेस्त्रीच्या टोळीत अठरा माणसं. घमेली वाहणाऱ्या बायांची पुढारी सायव्वा त्याला तोंडावर म्हणाली, "मेस्त्री, संक्रांतीच्या चकल्या, सकिनालू खाईपर्यंत थांबतो. मग आम्ही हैदराबादला, कंपनीच्या कामावर."

बावीस वर्षांची टोळी. एकदा पांगली की पुन्हा कुठली जुळतेय! गुडघा बांधून कोमुरय्या उशिराच्या फेरीला निघाला. मोठं काम मिळण्यासारखं एकच घर उरलं होतं, ऐलापुरातलं लच्चव्वाचं. नऊ कॉलम. मुलगा राजेशम मस्कतला.

घरात कुणी नव्हतं. बाहेरच्या जिन्यानं कण्हत कण्हत वर गेला आणि थबकला. नऊच्या नऊ कॉलमच्या सळया आधीच रंगवलेल्या! लेप जाडाभरडा. ब्रशचा नव्हेच, हातानं थापलेला, त्यात बारीक बोटं उठलेली. आणि प्रत्येक जुडग्याच्या बुडाशी हळदीचं एक बोट.

बाईचा हात. सिमेंट कालवणारी बाई कोण? गाडीवाल्यांनी सायव्वाला फोडून आपली फेरी तिच्याकडून करवली की काय?

तडक तिच्या दारात. "सायव्वा, हात दाखव बघू."

"का? भविष्य सांगायचा धंदा धरला?"

त्यानं सगळं सांगितलं. सायव्वा खो खो हसत सुटली. "अहो, तुमचं काम चोरायचंच तर फुकटातलं कशाला चोरू? जिचं घर तिला विचारायचं सोडून माझी बोटं मोजताय!"

दुसऱ्या दिवशी लच्चव्वा ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती.

"अव्वा, तुमच्या सळयांना कुणी हात लावला?"

"मीच की. दसरा गेला, तू आला नाहीस. म्हटलं, मेलास की काय."

"गुडघा धरला होता, अव्वा."

"कळलं नंतर. न्हाणीचं सिमेंट उरलं होतं. इतकी वर्षं तू कालवतोस ते बघतेय, एवढं जमायचं नाही मला?"

"आणि हळद? लोखंडाला?"

"लोखंडाला कशाला? पोराच्या खोलीला." तिनं सुपातली शेंग उचलली. "उन्हाळ्यात लग्न आहे त्याचं. वर खोल्या काढायच्यात. तो म्हणतो, गाडीवाल्यांना दे."

कोमुरय्यानं सुपातली एक शेंग उचलली आणि उगाच सोलायला घेतली.

"त्यांचा माणूस आला होता. बूट घालून वर गेला, यंत्रानं मापं घेतली. मी एकच विचारलं, खोली कुणाची, तो पोरगा केवढा असेल? म्हणाला, अम्मा, कॉलम किती ते बोला, पोराचं काय घेऊन बसलात! आता तू सांग."

"हनुवटी फोडून घेतली होती त्यानं, स्लॅबच्या दिवशी, वाळूच्या ढिगावरून घसरून," मेस्त्री म्हणाला. "पंचवीस."

"चुकलास."

मेस्त्रीचा चेहरा उतरला.

"पंचवीस मागच्या दसऱ्याला. यंदा विचारायला आलास कुठे? सव्वीस!" म्हातारी बोळक्या तोंडानं हसली. "तू वर्ष चुकलास रे, त्या बूटवाल्याचा आख्खा पोरगा चुकला. राजेशमला मी सांगते. माणसं कधी आणतोस?"

संक्रांतीच्या आधीच टोळी त्या गच्चीवर चढली. हैदराबादचं नाव कुणी काढलं नाही. नवं काँक्रीट घट्ट धरावं म्हणून सायव्वा तारेच्या ब्रशनं सळयांवरचा लेप खरवडत होती.

"काय मेस्त्री, इतकी वर्षं लावायचं आणि शेवटी आम्ही खरवडायचं?"

"मग! आतलं लोखंड बघ की, कालच दुकानातून आणल्यासारखं."

पण तो तिकडे बघतच नव्हता. मान वर, नजर गल्लीपलीकडच्या गच्चीवर. सहा कॉलम, सळया तांबूस.

"सायव्वा, त्या घरची पोर केवढी झाली असेल गं?"

"जाऊन विचारा," सायव्वा म्हणाली, "आणि जाताना बादली न्या."